दात खाणारं पोर

उचगावात रात्री पोरानं झोपेत करकर दात खाल्ले, की आज्जी अंथरुणावर उठून बसते आणि सुनेला सांगते, "जंत झाल्यात त्याला. गूळ बंद कर आधी." सकाळी वावडिंगाचं पाणी ठरलेलं. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांच्या मुलखात गूळ बंद म्हणजे पोराला शिक्षाच.

आज्जीनं हे मनानं रचलेलं नाही. चरकसंहितेत कृमींच्या कारणांमध्ये दूध आणि तिळाच्या पंगतीत गूळही बसलाय. दात खाण्याचा माग मात्र वाग्भटाच्या अष्टांगहृदयात लागतो, आणि तिथं जंतांऐवजी बालग्रह, म्हणजे लेकरांना झपाटणाऱ्या शक्ती, भेटतात. ग्रहानं धरलेलं मूल कसं ओळखायचं? सारखं रडतं, अंगात ताप, दचकतं, तोंडाला फेस, डोळे वर, आणि ओठ-दात चावतं. रागावलेला माणूस दातओठ खातो असं आपण म्हणतो. ती जोडी हजार-बाराशे वर्षांहून आधी आजारी लेकराच्या तोंडात दिसते. वाक्प्रचार तिथूनच आला असा माझा दावा नाही. जोडी जुनी, एवढंच.

पश्चिमेकडे दात खाण्याच्या ग्रीक क्रियापदावरून १९०७ साली फ्रेंचमध्ये 'ब्रुक्सोमनी' शब्द आला, १९३१ मध्ये इंग्रजीत 'ब्रक्सिझम'. मग आरोपी बदलत गेले. १९६१ मध्ये रामफियोर्ड या दंतसंशोधकानं स्नायूंचे विद्युत आलेख काढून वरखालच्या दातांच्या न जुळणाऱ्या बैठकीवर ठपका ठेवला. कित्येकांचे धडधाकट दात त्यापायी घासून 'जुळवले' गेले. पुढं झोपेचे आलेख आले आणि दातांची त्यातून बरीचशी सुटका झाली. आधी मेंदू क्षणभर जागा होऊ पाहतो, हृदयाचे ठोके वाढतात, आणि मग जबडा आवळतो. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी एकमतानं म्हटलं, की निरोगी माणसात दात खाणं हा रोग नव्हे, स्नायूंची एक हालचाल आहे. रात्री घालायला देतात ती प्लेट दात वाचवते. दात खाणं थांबवेलच असं नाही.

वाग्भटाच्या यादीत दात चावण्याला लागूनच पुढचा शब्द आहे 'प्रजागर', म्हणजे जागरण. ग्रह गेले, जंत अजून आज्जीच्या तोंडी आहेत, आणि शास्त्र फिरून झोपेपाशीच आलं.

मोठ्या माणसाचा जबडा सकाळी आखडत असेल, कानशिलं ठणकत असतील, तर दातांच्या डॉक्टरला दाखवावं. पोरांचं बहुधा वय वाढेल तसं आपोआप थांबतं. तोवर त्यांच्या गुळाच्या खड्यावर राग नको.