‘जोत्यावरचा बाण’

ग्रंथकर्त्याने येथे ओझरता उल्लेखिलेला ‘जोत्यावरचा बाण’ हा बेंचमार्क होय; म्हणजे ज्याची समुद्रसपाटीपासूनची, अथवा निदान कामापुरती गृहीत धरलेली, उंची मुक्रर झालेली आहे असे अचल चिन्ह. समुद्रसपाटी म्हणजे अर्थातच समोर दिसणारे पाणी नव्हे. कराची, मुंबई, कारवार इत्यादी 9 बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सर्वेक्षण खात्याने पाण्याच्या पातळीचा मध्य निश्चित केला आणि 1909 साली देशभरच्या पातळ्यांचा मेळ त्याच्याशी घातला. नागपुरास शून्य मैलाच्या स्तंभापाशी असलेले मानक चिन्ह या हिशेबाने 1020.171 फुटांवर येते.

बांधकामावर एवढ्या दूरचा दगड रोज कोण गाठणार? म्हणून तेथून पातळी वाहून आणून चौकीच्या जोत्यावर किंवा जुन्या मोरीच्या कठड्यावर, नव्या भरावावर मात्र कदापि नव्हे, लाल रंगाने खूण करतात. बाणाचे टोक ज्या आडव्या रेघेस टेकते, तीच खरी पातळी. ती 100.00 फूट धरली, तिजवर उभ्या केलेल्या पट्टीवर दुर्बिणीतून 4.25 वाचले, तर दृष्टिरेषा 104.25 वर, पुढे खड्ड्यातील पट्टी 9.75 दाखवीत असेल, तर पायाचा तळ 94.50. वजाबाकी शाळकरी पोराची, पण खुणेस खडीच्या गाडीचा धक्का लागला, की त्यानंतरची प्रत्येक पातळी तेवढीच चुकते, आणि चूक सर्वत्र सारखी असल्याने ध्यानातही येत नाही. यास्तव जाणता मिस्त्री दुसरी खूण राखून ठेवतो. मूळ आवृत्तीत 94.50 च्या जागी 95.40 असे छापले होते. तो मुद्रणदोष समजून दुरुस्त केला आहे. — संपादक