किरणोपचाराची पूर्वतयारी : डोके-मानेचा कर्करोग (धाराशिव जिल्हा)

तोंड, जीभ, घसा किंवा स्वरयंत्र यांच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू करण्याआधी दात, आहार, रक्ततपासण्या, मुखवटा आणि राहण्या-येण्याची सोय यांची करावी लागणारी जुळवाजुळव. बोलण्यात या उपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. तयारीत दोन-तीन आठवडे जातात. घरच्यांना ते वाया गेल्यासारखे वाटतात. पण पुढचा उपचार अखंड पार पडेल की मध्येच तुटेल, हे बरेचसे याच दिवसांत ठरते.

भूम आणि परंडा या तालुक्यांतील कर्करोगाची नोंद १९८७ पासून ठेवली जाते. त्या वर्षी शेजारच्या बार्शीत भारतातील पहिली ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू झाली आणि हे दोन्ही तालुके तिच्या मूळ क्षेत्रात होते. उपचारासाठी जिल्ह्यातील रुग्ण बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, सोलापूर किंवा लातूर गाठतात. काही छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, काही मुंबईला ‘टाटा’त जातात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी गुटखा, मावा, तंबाखू-चुना आणि बायकांची मिशरी सुटलेली नाही. किरणोपचार चालू असतानाही तंबाखू खाल्ली तर उपचाराचा गुण कमी येतो, म्हणून तयारीची पहिली अट ती सोडण्याची.

दात : सर्वाधिक टाळाटाळ इथेच होते. किरणांमुळे लाळ आटते, दात झपाट्याने किडतात आणि जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा उणावतो. नंतर, अगदी काही वर्षांनीही, दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड सडू शकते. म्हणून हलणारे, किडलेले, मुळाशी पू धरलेले दात आधीच काढतात आणि जखम भरण्यासाठी किमान दहा-चौदा दिवस देतात. ‘आधीच आजारी माणूस, त्यात दात कशाला काढायचे’ हा घरच्यांचा सवाल समजण्यासारखा आहे, पण त्यापायी ही पायरी गाळणे महागात पडते. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेल्यांना तीन बोटेही तोंडात उभी घालता येत नाहीत. त्यांना जबड्याचे व्यायाम याच काळात शिकवतात.

मुखवटा : किरण रोज त्याच जागी पडावेत यासाठी डोके हलता कामा नये. जाळीदार प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा सुमारे ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात टाकला की लुळा पडतो. पाणी निथळून तो उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या कपाळापासून गळ्यापर्यंत, कधी खांद्यांपर्यंत, ताणून बसवतात. स्पर्श कोमट असतो. काही मिनिटांत नाकाचा, हनुवटीचा आकार घेऊन तो कडक होतो. जाळीतून श्वास घेता येतो. त्याआधी दाढी उतरवावी लागते, वाढलेले केस कापावे लागतात. नथ, कानातली फुले आणि मंगळसूत्रही काढावे लागते. त्यावरून सासवा-नणंदा कुरकुरतात, म्हणून हे घरूनच ठरवून यावे. मुखवटा लावूनच सीटी स्कॅन होतो आणि खुणा मुखवट्यावरच केल्या जातात. त्या स्कॅनवर गाठ, मज्जारज्जू, लाळग्रंथी यांच्या सीमा आखून मात्रा ठरवायला आणखी काही दिवस, कधी आठवडा लागतो. वजन उतरले की मुखवटा सैल होतो आणि नवा करावा लागतो.

आहार : साधारण ५० किलोच्या रुग्णाला दिवसाला १५०० ते १७५० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड सोलवटते. भाकरी, ठेचा, काळ्या मसाल्याची आमटी गिळवत नाही. खव्यासाठी नावाजलेल्या भूमसारख्या तालुक्यात दुधाची वाण नाही. दूध, मऊ खिचडी, अंडी, मटणाचे बिनतिखट सूप यांची सवय आधीच लावावी. गिळणे आधीपासूनच अवघड असेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, ही समजूत चुकीची आहे. तोंड बरे झाले की ती बहुधा काढता येते.

तपासण्या : हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहतात. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध द्यायचे असेल तर मूत्रपिंड व श्रवण यांचीही तपासणी होते. या उपचाराने रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत, त्यामुळे त्याचे ताट-वाटी आणि अंथरूण वेगळे करू नये.

खर्च व प्रवास : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतो, पण मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. कर्करुग्णांना एसटीत प्रवास सवलत आहे. पूर्ण उपचार बहुधा ६० ते ७० ग्रे मात्रेचा असतो, आठवड्यातून पाच दिवस, ३० ते ३५ वेळा. उमरगा किंवा वाशीहून रोज ये-जा करणे झेपत नाही. रुग्णालयाजवळ खोली किंवा धर्मशाळा आधी बघावी. तारखा ठरवताना कोजागरी पौर्णिमाही ध्यानात घ्यावी, कारण त्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांमुळे त्या रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. उपचार लांबला की रोग आटोक्यात येण्याची शक्यता दिवसागणिक सुमारे एका टक्क्याने घटते. चुकलेला शेक शनिवारी, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा देऊन भरून काढतात. त्यासाठी दिवस चुकणार हे तंत्रज्ञाला आदल्या दिवशीच कळवावे.