आणेवारीचा छेद

जत तालुका कमी पावसाचा. पीक हाती येण्याच्या सुमारास येथे एक प्रश्न हमखास कानी पडतो, “यंदा आणेवारी किती?” प्रश्न महसूल खात्याचा वाटतो, पण त्याचे मूळ अपूर्णांकांच्या तुलनेत आहे.

आणेवारी काढताना शेताच्या ठरावीक तुकड्यातील पीक कापून, मळून तोलतात व प्रमाण उत्पन्नाशी त्याची तुलना करतात. उदाहरणादाखल दोन गावे घेऊ. पहिल्यात हेक्टरी ७ क्विंटल अपेक्षित असता ३ आले. दुसऱ्यात ११ पैकी ५. तूट अनुक्रमे ४ व ६ क्विंटल, म्हणून दुसऱ्या गावाचे पीक अधिक बुडाले असे वाटते. समच्छेद केल्यावर मात्र ३/७ म्हणजे ३३/७७ आणि ५/११ म्हणजे ३५/७७. अधिक बुडाले ते पहिल्याचे!

ही रीत आपल्याकडे जुनीच. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अपूर्णांकांसाठी छेदांचा लसावि वापरला; त्याला ते ‘निरुद्ध’ म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (११५०) समच्छेदाची रीत आहे.

बाजाराला दरवेळी लसावि काढण्याची सवड कोठली? तेथे छेद ठरलेलाच होता. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. ५/८ रुपया म्हणजे १२० पै, ७/१२ म्हणजे ११२ पै. तुलना तोंडी होई. पिकाचे मापही सोळा आण्यांतच सांगत.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि छेद १०० झाला. आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली, तरी जुना शब्द लोकांच्या तोंडी राहिला. पैसेवारी ५० च्या आत आली की गाव टंचाईच्या सवलतींस पात्र, अशी राज्यात रीत पडली. २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतील ओल अशा कसोट्याही लावतात.

छेद बदलल्याने काय फरक पडतो? आपल्या दोन गावांचे पीक पूर्ण आण्यांत मांडले तर दोन्ही ठिकाणी ७ आणेच येते. पैशांत मात्र ४३ व ४५. आता ४९ पैशांचे गाव घेऊ. आण्यांत ते ७.८४, पूर्णांकात ८ आणे, म्हणजे नेमके निम्मे. पैशांत रेषेच्या आत असलेले हे गाव आण्यांत रेषेवर जाऊन बसते. छेद मोठा, तितकी तुलना बारीक.

वर्गात मुलांना विचारून पाहावे: ७ आणे पीक मोठे की ४५ पैसे?