कोलकात्याचे गोपालचंद्र आणि मुंग्यांची छायाचित्रे

फुलावर बसलेल्या मुंगीचे निकटचित्र आज मोबाइलवरही टिपता येते. शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात हेच काम किती कष्टाचे होते आणि ते कोणी केले, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

गोपालचंद्र भट्टाचार्य यांचा जन्म १८९५ साली तत्कालीन फरीदपूर जिल्ह्यातील लोनसिंग या खेड्यात झाला. घरच्या गरिबीमुळे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. काही काळ शाळेत शिकवून ते कोलकात्यात टेलिफोन ऑपरेटर झाले. कुजणाऱ्या वनस्पतींतून रात्री दिसणाऱ्या प्रकाशावरचा त्यांचा लेख ‘प्रवासी’ या बंगाली मासिकात प्रसिद्ध झाला आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या दृष्टीस पडला. १९१७ साली स्थापन झालेल्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये गोपालचंद्र १९२१ साली रुजू झाले. तेथे राहून त्यांनी मुंग्या, कोळी आणि बेडूकमाशांचे निरीक्षण केले आणि त्यांची छायाचित्रेही घेतली.

या छायाचित्रणातील अडचण प्रकाशशास्त्राची आहे. कीटकाची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी मिळवायची, तर भिंग फिल्मपासून नेहमीच्या दुप्पट अंतरावर न्यावे लागते. त्यामुळे फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता एक चतुर्थांश होते. आजच्या ३५ मिमी कॅमेऱ्यात छिद्र एफ/१६ इतके लहान केले, तरी सुस्पष्ट दिसणारी खोली जेमतेम २ मिलिमीटर भरते. छिद्र आणखी लहान करावे, तर विवर्तनामुळे तपशील पुसट होतात. उद्भासनाचा काळ वाढवावा, तर मुंगी तोवर स्थिर राहत नाही. त्या काळच्या मंद फिल्मवर हा पेच अधिकच बिकट होता. म्हणून कीटकाच्या सवयी आधी ओळखणे आणि तो क्षणभर कोठे थांबेल याचा अंदाज बांधणे हाच खरा उपाय होता.

हीच चिकाटी त्यांच्या संशोधनातही दिसते. पाने जोडून घरटी विणणाऱ्या तांबड्या मुंग्या आपल्या कोकणातही आहेत. त्यांना तेथे ओंबील म्हणतात. आपल्याच अळ्यांनी काढलेल्या रेशमी धाग्यांनी त्या पाने सांधतात. घरट्याच्या आत काय चालते, हे पानांमुळे दिसत नाही. गोपालचंद्रांनी त्यांना पारदर्शक घरट्यांत वाढवले आणि आतील व्यवहार उघड्या डोळ्यांनी न्याहाळला. अळी पुढे राणी होणार की कामकरी, हे तिला मिळणाऱ्या आहारावर अवलंबून असते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. हे काम १९४३ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पदवी नसल्याने विद्वत्समाजात त्यांची दखल उशिराच घेतली गेली. त्यांनी मात्र मातृभाषेतून लिहिणे सोडले नाही. सत्येंद्रनाथ बोस यांच्या पुढाकाराने १९४८ साली वंगीय विज्ञान परिषद उभी राहिली. तिच्या ‘ज्ञान ओ विज्ञान’ या मासिकाच्या संपादनाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. ‘बांग्लार कीट-पतंग’ या ग्रंथास १९७५ साली रवींद्र पुरस्कार मिळाला. कलकत्ता विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट त्यांना आयुष्याच्या अगदी अखेरीस लाभली. १९८१ साली त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आज उपकरण प्रत्येकाच्या खिशात आहे. छायाचित्राबरोबर दिनांक, स्थळ, झाडाचे नाव आणि कीटक त्या वेळी काय करीत होता, एवढे टिपून ठेवा. तेवढ्यानेच सुंदर चित्राचा पुरावा होतो, आणि पुरावा कोणाकडेही पदवी मागत नाही.