साप्पोरो : बर्फाचे शहर ते परिषदांचे शहर

एखादे शहर उद्योग-परिषदा, प्रदर्शने आणि कंपन्यांच्या बैठकांचे केंद्र कसे बनते? केवळ जाहिरात करून नव्हे. त्यामागे अनेक दशकांची घडण असते. जपानच्या उत्तरेकडील साप्पोरो हे याचे चांगले उदाहरण आहे.

होक्काइदो बेटावरील हे शहर मुळात योजनापूर्वक वसवले गेले. १८६९ साली मेइजी सरकारने विकास आयोग नेमला आणि एझो या प्रदेशाला होक्काइदो हे नाव दिले. चौकटीच्या नकाशावर रस्ते आखले गेले. १८७६ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले. अमेरिकेहून आलेले विल्यम क्लार्क तेथे शिकवत. याच संस्थेतून पुढे होक्काइदो विद्यापीठ उभे राहिले. वैज्ञानिक परिषदा भरवायच्या तर यजमान विद्वान लागतात, आणि ते या विद्यापीठाने पुरवले.

मात्र ही भूमी रिकामी नव्हती. तेथे ऐनू लोक राहत होते. 'साप्पोरो' हे नावही त्यांच्याच भाषेतून आले आहे. वसाहतीमुळे त्यांच्या जमिनी, शिकार आणि भाषा हिरावल्या गेल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

थंडी ही खरे तर अडचण. पण १९५० मध्ये शाळकरी मुलांनी ओदोरी उद्यानात बर्फाच्या सहा मूर्ती घडवल्या आणि हिमोत्सव सुरू झाला. १९४० च्या हिवाळी ऑलिंपिकचा मान या शहराला मिळाला होता, पण चीनबरोबरच्या युद्धामुळे जपानने १९३८ मध्ये तो सोडला. अखेर १९७२ मध्ये आशियातील पहिले हिवाळी ऑलिंपिक येथे भरले. त्याच्या थोडे आधी, डिसेंबर १९७१ मध्ये, भुयारी रेल्वे धावू लागली. क्रीडास्पर्धेसाठी झालेली ही सोय पुढे परिषदांच्या पाहुण्यांनाही उपयोगी पडली.

१९९४ मध्ये जपानने आंतरराष्ट्रीय परिषदा आकर्षित करण्यासाठी कायदा केला. साप्पोरो कन्व्हेन्शन सेंटर २००३ मध्ये खुले झाले. २०११ मध्ये मुख्य स्थानक ते ओदोरी हा भुयारी पादचारी मार्ग झाला, त्यामुळे बर्फ पडत असतानाही चालत जाणे सोपे झाले. उन्हाळ्यात टोकियो दमट उष्णतेने हैराण असते, तर येथे ऑगस्टचे सरासरी तापमान २२ अंशांच्या आसपास राहते. म्हणजे एकच हवामान हिवाळ्यात उत्सव देते आणि उन्हाळ्यात गारवा.

आता ऐनूंकडे वळू. जुलै २००८ मध्ये होक्काइदोतील तोया सरोवराकाठी जी-८ शिखर परिषद भरली. त्याच्या महिनाभर आधी, ६ जून रोजी, जपानी संसदेने ऐनूंना मूळनिवासी मानणारा ठराव केला. परिषदेच्या तोंडावर ऐनूंनी जगभरच्या मूळनिवासींचे स्वतःचे संमेलनही बिरातोरी आणि साप्पोरो येथे घेतले. जगाचे डोळे आपल्या दारी येणार, ही संधी त्यांनी ओळखली. कायद्याने मान्यता मात्र २०१९ मध्येच मिळाली.

यावरून काय शिकायचे? परिषदेचे व्यासपीठ शहराला पैसा आणि प्रतिष्ठा देते, तसेच ज्यांचा आवाज दाबला गेला त्यांनाही ते वापरता येते. तेव्हा आपल्या देशातील एखाद्या शहराच्या प्रचार-पुस्तिकेचे वाचन करताना दोन प्रश्न विचारा : ही भूमी आधी कोणाची होती, आणि या चित्रात ते लोक कुठे आहेत?