महाराष्ट्रातील श्रमदान : इर्जिकीपासून महाश्रमदानापर्यंत

श्रमदानाची चळवळ विसाव्या शतकातली असली, तरी मिळून काम करण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यांत त्याहून बरीच जुनी आहे. नांगरणी खोळंबलेला शेतकरी इर्जिक घाली. ठरल्या दिवशी गावातले शेतकरी आपापले बैल आणि औते घेऊन त्याच्या रानात उतरत, एका दिवसात काम उरकत आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवून घरी जात. सावड हा त्याचाच नेहमीचा प्रकार होता. ज्याच्याकडे एकच बैल असे, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करी आणि लावणी-कापणीला माणसांचीही अशीच अदलाबदल होई. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात महादेव कोळी शेतकरी एकत्र येऊन उतारावर भातखाचरे पाडत. या रीतीला पडकई म्हणतात. या कामांत पैसा फिरत नसला, तरी हिशेब मात्र चोख असे. आज आपण त्याच्या बांधावर राबलो, उद्या तो आपल्या बांधावर येईल, हे सर्वांना ठाऊक असे.

पाण्याच्या बाबतीत ही रीत सर्वांत काटेकोर होती. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून पाटाने शेती भिजवण्याची फड पद्धत काही शतके चालत आली. लाभक्षेत्राचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडले जात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असे, त्यामुळे पाण्याची पाळी आणि वेळ ठरवणे सोपे जाई. प्रत्यक्ष पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असे आणि पंच देखरेख करत. हंगामापूर्वी पाटातला गाळ काढण्यासाठी प्रत्येक खातेदाराला आपल्या वाट्याचे काम करावे लागे. ज्याच्या शेताला पाणी मिळते त्याने गाळ उपसायचा, इतका हा नियम सरळ होता.

याच खेड्यांत बिनमोबदला कामाची दुसरी परंपराही होती, ती वेठीची. वतनाच्या नावाखाली महारांकडून आणि इतर बलुतेदार-अलुतेदारांकडून सरकारी व गावकीची कामे करून घेतली जात. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीर्घकाळ लढा दिला. राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीवर बंदी आली आणि मुंबई राज्यात १९५८च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. गावासाठी राबण्याची हाक दलित वस्तीत आणि मराठा आळीत सारख्याच उत्साहाने ऐकली गेली नाही, याचे कारण या इतिहासात आहे. फुकट काम कोणी कोणासाठी आणि कोणाच्या हुकमाने करायचे, हा प्रश्न श्रमदानाच्या पाठीशी पहिल्यापासून उभा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामाला सेवेचे रूप आले. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेऊन ते गावात येत आणि कोणाला न विचारता रस्ते झाडायला लागत. दिवसा झाडलेल्या गावात रात्री कीर्तन होई आणि त्यात अस्पृश्यता, सावकारी कर्ज व देवापुढचे पशुबळी यांवर कोरडे ओढले जात. ज्या कामाला समाजाने एका जातीचे ठरवले होते, ते स्वतःच्या हाताने करणे हाच त्यांचा उपदेश होता. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हेच सूत्र संघटनेत बांधले. मोझरीचा गुरुकुंज आश्रम आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा यांच्यामार्फत सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई आणि ग्रामोद्योग विदर्भातील गावोगावी पोहोचले. त्यांच्या ‘ग्रामगीते’त ग्रामरचनेचा संपूर्ण आराखडाच मांडलेला आहे.

‘टिकाऊ जीवनशैली’ या आजच्या कल्पनेशी सर्वांत जवळचे काम वर्धा परिसरात झाले. १९३४च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती होती. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, ताडगूळ, मैल्याचे खत अशा विषयांवर तेथे प्रयोग आणि प्रशिक्षण चाले. धूर कमी करणारी मगन चूल येथलीच. १९३६ साली गांधीजी जवळच्या शेगावात राहायला गेले आणि पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम पडले. तेथील पहिली घरे माती, बांबू आणि कौले अशा आसपास मिळणाऱ्या सामानातून उभी राहिली. कुमारप्पांनी या अनुभवाला अर्थशास्त्राची बैठक दिली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी निसर्गातील संपणारे आणि पुन्हा भरून येणारे साठे असा भेद केला आणि समाजाची घडी दुसऱ्या प्रकारावर बसवावी, असे प्रतिपादन केले.

या प्रयोगांच्या मर्यादाही तेथेच दिसल्या. आश्रमवासी गाव झाडत, पण गाव त्यांच्याबरोबर झाडू हाती घेईलच असे नसे. विनोबा भावे १९४६पासून पवनारहून जवळच्या सुरगावला रोज पायी जात आणि खांद्यावर फावडे टाकून मैलासफाई करत. कित्येक महिने हा क्रम चालला. बाहेरून आलेला कार्यकर्ता कितीही निष्ठावान असला, तरी गावाची सवय बदलायला वर्षे लागतात, हा धडा पुढच्या सर्व स्वयंसेवी प्रकल्पांना नव्याने शिकावा लागला.

श्रमदानाचे शिबिर हा प्रकार मात्र मूळचा येथला नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समधील व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक पुनर्बांधणीसाठी जमवले. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. १९३४च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल काही सहकाऱ्यांसह भारतात आले आणि गावे वसवण्याच्या कामात सहभागी झाले. पन्नासच्या दशकात याच संस्थेचे स्वयंसेवक बाबा आमटे यांच्या आनंदवनात येऊन राहिले व त्यांनी तेथील इमारतींच्या बांधकामाला हातभार लावला. कुष्ठरुग्णांच्या वसाहतीकडे फिरकायलाही लोक धजत नसताना परदेशी तरुण-तरुणी तेथे विटा वाहतात, ही गोष्ट आसपासच्या समाजाची भीती घालवण्यास उपयोगी पडली.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही श्रमदानाचा अंगीकार केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमात रस्ते, विहिरी आणि शाळाखोल्या यांसाठी लोकांचा श्रमाचा वाटा गृहीत धरला होता. मात्र हा वाटा अनेकदा वरून आलेल्या उद्दिष्टाप्रमाणे ‘जमवला’ जाऊ लागला. साहेब आले की टिकाव हाती घ्यायचा आणि छायाचित्र निघाले की ठेवून द्यायचा, असे श्रमदानही याच काळात रुजले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. महाविद्यालयाने दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा ओळखीचा भाग बनला. पहाटे प्रभातफेरी, सकाळी शोषखड्डे किंवा वनराई बंधारा, दुपारी बौद्धिक आणि रात्री शाळेच्या पटांगणात सांस्कृतिक कार्यक्रम हा क्रम मराठी तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी अनुभवला आहे.

सरकारी चौकटीबाहेर सर्वांत मोठा ठसा उमटवला तो सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी कुष्ठमुक्तांच्या शेतीचा प्रकल्प उभारला आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून तेथे दर मे महिन्यात तरुणांची छावणी भरू लागली. विदर्भाच्या उन्हाळ्यात पहाटे उठून खोदकाम, दुपारी चर्चा आणि रात्री गाणी असा तिचा साचा होता. येथे तयार झालेल्या तरुणांपैकी अनेकांनी पुढे ग्रामीण भागात संस्था काढल्या. छावणीत खोदलेल्या मातीपेक्षा छावणीने घडवलेली माणसे हेच तिचे खरे फलित आहे.

१९७२च्या दुष्काळाने श्रमदानाचा रोख पाण्याकडे वळवला. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे १९७४पासून पाणलोटाचे काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत जन्मली. तिचे नियम क्रांतिकारक होते. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा होता, ऊस घ्यायला बंदी होती आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नसे. योजनेच्या खर्चातला काही हिस्सा लाभधारकांना स्वतः उचलावा लागे.

१९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या अण्णा हजारे यांनी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून सुरुवात केली. पुढे नालाबंडिंग, बंधारे आणि वृक्षलागवड झाली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही तेथील पंचसूत्री राज्याच्या आदर्श गाव योजनेने १९९२मध्ये आधाराला घेतली. हिवरे बाजारमध्ये १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गावातले बहुतेक तरुण रोजगारासाठी बाहेर होते. तेथे पाणलोटाच्या कामाला नियमांची जोड मिळाली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. त्या ताळेबंदावरून पुढची पिके ठरतात. हिवरे बाजारचे यश श्रमदानाने सुरू झाले आणि या नियमांनी टिकले.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने बाहेरच्या माणसाचे स्थान वेगळ्या रीतीने ठरवले. निर्णय गावाने सर्वसहमतीने घ्यायचा आणि बाहेरच्या मित्रांनी अभ्यासगटात बसून माहिती पुरवायची, अशी वाटणी तेथे झाली. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. स्वयंसेवकाने फावड्याऐवजी कायद्याचे पुस्तक हाती घेतल्याचे हे उदाहरण आहे.

श्रमदानाचा सर्वांत मोठा अलीकडचा टप्पा म्हणजे पाणी फाउंडेशनची ‘वॉटर कप’ स्पर्धा. २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ती प्रथम भरली आणि कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. २०१८पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली. एप्रिल-मेमधील ४५ दिवसांत गावाने जास्तीत जास्त पाणलोटाचे काम करायचे, अशी तिची अट होती. १ मे रोजी ‘जलमित्र’ म्हणून नोंदणी केलेले शहरी स्वयंसेवक महाश्रमदानाला गावात येत.

या कामातला नेहमीचा प्रकार सलग समतल चराचा. चर समपातळीत नसला तर पाणी एका टोकाला धावते आणि बांध फोडते. म्हणून आधी ‘ए’ आकाराची लाकडी चौकट घेतात. तिच्या टोकापासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडलेला असतो. दोरी आडव्या पट्टीवरच्या मधल्या खुणेवर थांबली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आले, असे समजून जमिनीवर फक्की टाकतात आणि चौकट पुढे फिरवतात. त्या रेषेवर साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणला जातो. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला रचली जाते. काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यायचे असते, कारण वरचे पाणी न अडवता खाली बंधारा बांधला तर तो गाळानेच भरतो.

या मोहिमेवर टीकाही झाली. मोठा घनमीटर आकडा गाठण्यासाठी यंत्रांचा वापर वाढला. खालचा खडक न पाहता नाले खोल-रुंद केल्याने पाणी मुरेलच असे नाही, असे आक्षेप सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर अभ्यासकांनी घेतले आणि ते या कामालाही लागू होते. चर काही पावसाळ्यांत गाळाने भरतात आणि पुन्हा उकरावे लागतात, पण तेव्हा स्पर्धा नसते. शिवाय वाढलेले भूजल ज्याच्या विहिरीत येते त्याचाच फायदा होतो. डोंगरावर राबलेल्या भूमिहीन मजुराच्या घरी त्यातले फारसे येत नाही, आणि चराईबंदीचा भार शेळ्या राखणाऱ्या बायकांवर पडतो. पाणी फाउंडेशननेही २०२२पासून ‘फार्मर कप’द्वारे गटशेतीकडे मोर्चा वळवला.

शतकभराच्या या वाटचालीतून एक निष्कर्ष स्पष्ट निघतो. श्रमदानाने काम सुरू होते, पण ते टिकवतात ते वाटपाचे आणि देखभालीचे नियम. फडात गाळ काढणाऱ्याला पाण्याची पाळी ठरलेली होती, पाणी पंचायतीत भूमिहीनाचा वाटा होता आणि हिवरे बाजारात पाण्याच्या ताळेबंदावरून पीक ठरते. जेथे असे काही ठरले नाही, तेथे खोदलेले चर पाच-सहा वर्षांत बुजले. म्हणून शिबिराला जाणाऱ्या स्वयंसेवकाने टिकाव उचलण्याआधी गावाला दोन गोष्टी विचाराव्यात : अडवलेले पाणी कोणाकोणाला मिळणार आणि पुढच्या वर्षी गाळ कोण काढणार.