घुमटाचे कातडे

गोव्यात चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ नि कासाळे हवेतच. घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे. लहान तोंड डाव्या तळहाताने झाकत-उघडत नाद घुमवायचा. कातडे पूर्वी घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि वाद्यच अडचणीत आले. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य ठरवले, तेही बोकडाचे कातडे धरूनच.

आम्ही मच्छेत खानापूरच्या मातीचे भांडे आणून घरीच मढवले. भिजवलेले कातडे ताणून सुतळीने आवळले. पहिले घाईने उन्हात ठेवले, ते तडकले. दुसरे सावलीत वाळले. नाद घोरपडीच्या घुमटाइतका कणखर नाही. जुने वाजवणारे पहिल्या थापेलाच ओळखतात. यंदा आरतीला मात्र तेच वाजेल.